हातांची देवघेव

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या डोंगररांगांत वसलेल्या महादेव कोळी समाजात कसब हे एकट्याने जोपासण्यापेक्षा परस्परांना देण्याघेण्यातून टिकत आले आहे. उतारावरची जमीन फोडून, दगडी बांध घालून भातखाचरे तयार करण्यासाठी अनेक कुटुंबांनी एकमेकांच्या शेतावर राबण्याची जी प्रथा येथे पडकई म्हणून ओळखली जाते आणि जिचे नाव पुढे शासकीय कार्यक्रमालाही मिळाले, तिच्यातून श्रमांबरोबरच बांध रचण्याची रीतही घरोघर पोहोचते. इरले, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या विणीत पाने दाबून केलेले, डोके व पाठ झाकणारे पावसाळी आच्छादन, वाकून भातलावणी करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे ठेवते. मात्र कामटी किती पातळ तासावी, हे जाणत्याशेजारी बसल्यावाचून उमगत नाही. प्लॅस्टिकच्या कागदाने इरल्याची गरज कमी केली, तेव्हा त्या वस्तूबरोबर शिकण्याचा हा प्रसंगही आक्रसला. म्हणूनच अशा कसबांच्या जतनाचा विचार संग्रहालयातील नमुन्यापाशी न थांबवता, ती एकत्र बसून करण्याची निमित्ते टिकवण्यापर्यंत न्यावा लागतो.