मिसो चालते, अखुनी का नाही?

गेल्या शनिवारी दक्षिण दिल्लीतील एका जपानी उपाहारगृहात आम्ही चार जुने मित्र जेवायला बसलो आणि उठलो ते मध्यरात्र उलटल्यावर. सुशीची तबके एकेक करून येत होती. गप्पा निवडणुकांवरून नातवंडांपर्यंत पोहोचल्या होत्या. मिसो सूपचा घोट घेत एका मित्राने आंबवलेल्या सोयाबीनचे गुण वर्णन केले. मग वाढणाऱ्या तरुणाला कौतुकाने विचारले, ‘‘तुम्ही जपानहून आलात का?’’

‘‘नाही सर, नागालँडहून. झुन्हेबोटो.’’

आम्ही ओशाळलो. मी विचारले, तुमच्याकडे असे काही करतात का? तो हसला. त्याच्याकडची अखुनी म्हणजेही आंबवलेले सोयाबीनच. मात्र दिल्लीत ती शिजवल्यामुळे त्याला दोनदा घर सोडावे लागले होते.

ही एका घरमालकाची लहर नव्हे. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येतील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बांबूचे कोंब, अखुनी असे ‘वासाचे’ पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असा सल्ला होता. जानेवारी 2014 मध्ये निडो तानिया या अरुणाचली विद्यार्थ्याला लाजपतनगरमध्ये केसांवरून हिणवले गेले, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र तरतूद असावी, ही त्यातील एक प्रमुख शिफारस होती. 1 जुलै 2024 पासून संहिताच नवी आली. ही तरतूद तिच्यातही नाही.

वास न आवडणे हा गुन्हा नव्हे, असे आमच्यातील वकील मित्र म्हणाला. ते खरेच आहे. परंतु आंबवलेल्या सोयाबीनचा वास चिनी मातीच्या वाडग्यातून आला की आपण त्याचे पैसे मोजतो आणि शेजारच्या खिडकीतून आला की तक्रार करतो. तेव्हा आक्षेप वासाला असतो की माणसाला? ज्या चेहऱ्यामुळे त्या तरुणाला तेथे काम मिळणे सोपे गेले असेल, तोच चेहरा त्याला भाड्याची खोली मिळू देत नाही.

कायदा हवाच. हिणवणे ही थट्टा नसून अपराध आहे, हे राज्यसंस्थेने एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मात्र भाडेकरार संसदेत होत नाहीत. ते माझ्यासारख्यांच्या दिवाणखान्यात होतात. माझी गच्चीवरची खोली दोन महिने रिकामी आहे. ‘‘ईशान्येकडचे नकोत ना? वासाची कटकट होते,’’ असे दलाल म्हणाला होता, तेव्हा मी गप्प राहिलो होतो. त्या मौनालाच त्याने माझी अट मानले.

सोमवारी सकाळी मी त्याला फोन केला. अशी कोणतीही अट नाही, असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, ‘‘साहेब, शेजाऱ्यांना विचारलेत का?’’