अळीच्या माथी मारलेले पाप

सप्टेंबर 1957 मध्ये म्हैसूरजवळच्या येलवाल गावी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी विनोबांसमवेत बसले आणि गावाचा भार गावाने उचलावा, या ग्रामदानाच्या विचाराला त्यांनी पाठिंबा दिला. ज्या विनोबांनी पवनारहून सुरगावला चालत जाऊन स्वहस्ते मैला उचलला, त्यांच्याच महाराष्ट्रातील सुशिक्षितांना आज आपल्या दारातील पिशवी निस्तरायला एक अळी हवी आहे!

ही अळी मेणकिड्याची. महाबळेश्वरच्या मधपाळांना ती चांगली ठाऊक आहे: मादी पेटीच्या फटीत अंडी घालते, अळ्या पोळ्यात बोगदे पाडून जाळे विणतात आणि अखेर माश्या पेटी सोडून जातात. स्पेनमध्ये संशोधन करणाऱ्या फेदेरिका बेर्तोकिनी यांनी आपल्या पेटीतल्या अशाच अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या, तर पिशवीला भोके पडली. 2017 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि अळीच्या लाळेतील विकरे पॉलिथिनवर घाला घालतात, हे 2022 मध्ये पुढे आले. संशोधन थोरच, पण आकडा पाहा. 100 अळ्यांनी 12 तासांत 92 मिलिग्रॅम! म्हणजे तीन ग्रॅमच्या एका पिशवीसाठी त्या शंभरजणी अहोरात्र राबल्या तरी 16 दिवस हवेत. शिवाय नुसत्या प्लास्टिकवर त्या पोसत नाहीत, वाळतात.

तरीही बातमी वाचून आम्ही निश्चिंत! 26 जुलै 2005 रोजी मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या होत्या. मार्च 2018 मध्ये राज्याने बंदी घातली. जुलै 2022 मध्ये केंद्राने एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर घातली. आणि एवढ्या बंद्या पचवून पिशवी प्रत्येक हातगाडीवर राजरोस लटकते आहे. पालिकेचे पथक मंडईत शिरते, भाजीवालीच्या टोपलीत हात घालते, 5,000 रुपयांच्या पावतीचा धाक दाखवते. पण त्या पिशव्या ओकणाऱ्या यंत्राचा पत्ता त्याला कसा तो सापडत नाही. आणि जिला माता म्हणून आपण ओवाळतो, जिच्या नावाने सभा गाजवतो, त्या गाईच्या पोटातून पशुवैद्य किलोगणती पिशव्या उपसतात, तेव्हा त्या उकिरड्यावर कोणी फेकल्या, हे विचारायला एकही गोभक्त पुढे येत नाही.

फेकल्या आपणच.

प्रयोगशाळांनी विकरांवर खुशाल काम करावे. सरकारने मात्र बंदी असलेल्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यांना टाळे ठोकावे, त्यांच्या मालकांची नावे जाहीर करावीत. आणि ते होईतो भाजीवालीच्या नावाने एकही पावती फाडू नये.