संगणकाने गणित सुधारते का?

“मुलगा गणितात कच्चा आहे. संगणक घेऊन दिला तर सुधारेल का?” असे पुष्कळ पालक विचारतात. पोटाला चिमटा घेऊन वस्तू आणायची, तर आधी माहिती घेतलेली बरी.

बडोद्याच्या महापालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांसाठी एक प्रयोग झाला. सरकारने दिलेले संगणक शाळांत पडून होते. ‘प्रथम’ संस्थेने ते कामास लावले. आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले आणि गणिताचे खेळ. एक जमले की पुढचे थोडे अवघड. ही मुले परीक्षेत इतरांच्या पुढे गेली. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला.

गुजरातेतच ‘ज्ञानशाळे’च्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षकांच्या तासाऐवजी संगणक ठेवला, तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून दिला, तेव्हा सुधारली. म्हणजे संगणक हा शिक्षकांचा मदतनीस आहे. त्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

रोमानिया देशात २००४ पासून गरीब कुटुंबांना संगणक घेण्यासाठी २०० युरोंची मदत मिळू लागली. मुले संगणक चालवायला शिकली, पण शाळेतले गुण घटले. ज्या घरांत गृहपाठाची शिस्त होती, तिथे नुकसान कमी झाले.

आता आत्मविश्वासाचे पाहू. फळ्यापुढे चुकले की वर्ग हसतो आणि मूल गणिताचा धसका घेते. संगणकापुढे चूक चारचौघांत होत नाही, पुन्हा पुन्हा करून पाहता येते. त्यामुळे भीड चेपते. पण बटणे दाबण्यातला धीटपणा म्हणजे गणित येणे नव्हे. परीक्षा बहुधा कागदावरच द्यावी लागते.

म्हणून पालकांनो, संगणक असो वा मोबाईल, सरावाची वेळ ठरवून द्या. तेच गणित नंतर वहीत सोडवायला लावा. आपण शाळा शिकलो नाही म्हणून मागे राहू नका. “हे कसे केलेस, मला समजावून सांग,” एवढे रोज विचारा. मुलाला सांगता आले, तर त्याला ते कळले. अडखळला, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारायला पाठवा. घरी संगणक नसला तरी हे आजपासून करता येईल.