निष्ठेचा उपदेश कोणाला?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी सध्या तेथे मोठा विलाप चालू आहे. संघ आता घडविले जात नाहीत, विकत घेतले जातात. खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात. निष्ठा गेली आणि पैसा उरला, असे त्याचे सार. हा विलाप करणाऱ्यांत लक्षावधी डॉलरांचे वेतन घेणारे प्रशिक्षक आघाडीवर आहेत, एवढ्यावरूनच जाणत्या वाचकाने सावध व्हावयास हवे.

वस्तुस्थिती काय आहे? ७ एप्रिल २०२५ रोजी फ्लोरिडा विद्यापीठाने ह्यूस्टनचा ६५-६३ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. फ्लोरिडाच्या पहिल्या पाचांपैकी चौघे इतर विद्यापीठांतून आलेले होते. वॉल्टर क्लेटन आयोनाचा, विल रिचर्ड बेलमाँटचा, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा आणि रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटचा. अजिंक्यपदाची आकांक्षा धरणारा संघ आज असाच उभा राहतो. हंगाम सरताच विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची यादी खुली होते. चेंडू खेळविणारा कोण, दुरून अचूक नेम साधणारा कोण, रिंगखाली उंची आणि ताकद कोणाची, ह्या उणिवा प्रशिक्षक मोजतो आणि कसोटीला उतरलेले खेळाडू पैशाच्या बळावर आणतो. लहान विद्यापीठांनी रोप वाढवावे, मोठ्यांनी फळ तोडावे, हा क्रम अन्याय्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु दोष कोणाचा? २०२३ साली क्लेटनने आयोना सोडले, त्याच वर्षी त्याचे प्रशिक्षक रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले. २०२४ साली मार्टिनने फ्लोरिडा अटलांटिक सोडण्यापूर्वी त्याचे प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला रवाना झाले होते. प्रशिक्षक गेला तर ती बढती आणि खेळाडू गेला तर ती बेइमानी! हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रातला?

ह्या दुटप्पीपणाला इतिहास आहे. कोलोरॅडोतील एक महाविद्यालयीन फुटबॉलपटू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेला नुकसानभरपाई देण्याचे १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. त्याच दशकात महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडूंना कामगार ठरवून त्यांना भरपाईचा हक्क मिळू नये म्हणून हा शब्द योजला होता, हे तिचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात सांगून टाकले. शब्द निरागस, हेतू मात्र मालकाचा!

ह्या शब्दाच्या आडोशाने संपत्तीचे डोंगर उभे राहिले. मार्चमधील स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ साली आठ वर्षांनी वाढविला गेला, तो ८८० कोटी डॉलरांना. आणि २०१४ साली कनेटिकटला अजिंक्यपद मिळवून देणारा शबाझ नेपियर सांगत होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो! तेव्हा ‘खेळाचे पावित्र्य’ अबाधित होते, असे आजच्या विलापकर्त्यांना म्हणावयाचे आहे काय?

ही कोंडी फोडली ती न्यायालयांनी. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरुद्ध एकमताने निकाल दिला. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. २०२४ साली विद्यापीठ बदलण्यावरील बंधने सैलावली. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

बाजाराचे भाट येथे टाळ्या वाजवितात. आम्ही त्यांच्यात सामील होणार नाही. ही मर्यादा खेळाडूंच्या कोणत्याही संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेली नाही. पैसा मिळू लागला, पण कामगाराचा दर्जा मिळाला नाही. ताऱ्याला लक्षावधी मिळतात. बाकावर बसणाऱ्याने किंवा गुडघा मोडून घरी परतणाऱ्याने कोणाकडे दाद मागावी, ह्याचे उत्तर नाही. व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही खेळाडूंच्या हालचालीवर बंधने आहेत, वेतनावर मर्यादा आहे. परंतु तेथे १९५४ पासून खेळाडूंची युनियन आहे. ती बंधने तिच्या सहीने येतात आणि उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. फरक आहे तो हाच.

डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी हे ओळखले. ५ मार्च २०२४ रोजी त्यांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. विद्यापीठाने वाटाघाटीस नकार दिला. वॉशिंग्टनमधील सत्ताबदलाने कामगार मंडळाची रचना प्रतिकूल होणार, हे दिसताच वर्षअखेरीस अर्ज मागे घ्यावा लागला. पण ही माघार होती, शरणागती नव्हे. त्या पंधरा जणांच्या मतदानात आजच्या गोंधळावरचा उपाय दडलेला आहे. अनेक वर्षांचे करार, दुखापतीनंतरच्या उपचारांची हमी आणि खेळाडू गमावणाऱ्या लहान विद्यापीठांना भरपाई, हे सारे सामुदायिक वाटाघाटींतून साधता येते.

विद्यापीठांना चार वर्षे टिकणारा संघ हवा आहे ना? मग करार करावा. आणि करार करावयाचा तर समोर बसलेल्या संघटनेला प्रथम मान्यता द्यावी. तोवर निष्ठेचा उपदेश त्यांनी आपल्या प्रशिक्षकांना करावा.