वीस सेकंदांची माफी

परदेशात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक सर्दी आणि दुसरी मतं. सर्दी आठ दिवसांत बरी होते. मतं मात्र आयुष्यभर वाहत राहतात. त्यातून तो माणूस जपानात राहत असला तर विचारूच नका. भाषा अर्धीमुर्धी येत असते, त्यामुळे अर्थसंकल्प, निवडणुका, पेन्शनचा प्रश्न असल्या अवघड बातम्या त्याच्या डोक्यावरून जातात. जी बातमी कळते ती गमतीची असते, आणि त्या गमतीवरून तो बारा कोटी माणसांचा स्वभाव सांगून मोकळा होतो.

या मतवाल्यांचे दोन पंथ आहेत. पहिला 'अहाहा' पंथ आणि दुसरा 'अगंबाई' पंथ. अहाहा पंथीयांना जपानातलं सगळंच थोर वाटतं. रस्त्यावर कचरा नाही, अहाहा! पाकीट हरवलं तर परत मिळतं, अहाहा! अगंबाई पंथीयांना सगळंच विचित्र वाटतं. अगंबाई, खरबुजाला एवढी किंमत! अगंबाई, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही! दोन्ही पंथांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही जपानी माणूस म्हणजे काचेच्या कपाटातली बाहुली वाटते. तिचं पोट दुखत असेल, तिला साहेब ओरडत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

माझं भांडण अहाहा पंथाशी आहे. कारण या पंथाचा महाराष्ट्रात जोरदार प्रसार आहे, आणि दरवर्षी साकुरा फुलला की त्याचे चार-सहा यात्रेकरू माझ्या घरी उतरतात. मी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. इथे आपली माणसं इतकी आहेत की कोथिंबीर, कढीपत्ता आणि भारतातलं राजकारण या तीनही गोष्टी ताज्या मिळतात. या भागाच्या एडोगावा वॉर्डातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ सभासद म्हणून निवडून आले. तेव्हा इथे परका माणूस अगदीच पाहुणा राहिलेला नाही. पण मुंबईहून येणारे आमचे काका मात्र विमानातून उतरतात तेच हात जोडून.

"काय शिस्त आहे रे! आपल्याकडे..." अशी त्यांची सुरुवात असते. पुढचं वाक्य तुम्हाला पाठ आहे.

अहाहा पंथाची एक पोथी आहे. तिचा पहिला अध्याय १४ नोव्हेंबर २०१७ चा. टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेस या लाईनवर मिनामी-नागारेयामा नावाचं स्टेशन आहे. तिथून एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटं २० सेकंदांनीच सुटली. उशिरा नव्हे, वीस सेकंद लवकर. रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. एकाही उतारूने तक्रार केली नव्हती. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली आणि आमच्या काकांनी मला ती आजपर्यंत अकरा वेळा पाठवली आहे. माझ्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याला मी त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "परदेशी पेपरांत आलं तेव्हा आम्हाला कळलं!"

दुसरा अध्याय आइस्क्रीमचा. 'गारीगारी-कुन' नावाची एक बर्फाची कांडी इथल्या पोरांची लाडकी. एप्रिल २०१६ मध्ये तिची किंमत ६० येनांवरून ७० येन झाली. पंचवीस वर्षांतली ही पहिली वाढ. त्यासाठी कंपनीने टीव्हीवर जाहिरात केली. कंपनीचे वडीलधारे आणि मागे कामगारांचा ताफा, सगळे ओळीने उभे राहून कमरेत वाकतात. बस, एवढीच जाहिरात. आमच्याकडे दुधाचा भाव वाढतो तेव्हा वाकतं ते फक्त गिऱ्हाईक.

तिसरा अध्याय मला स्वतःला फार आवडतो. मे २०१९ मध्ये क्यूशू बेटावर एकाएकी वीज गेली आणि २६ गाड्या रद्द झाल्या. सुमारे बारा हजार लोक खोळंबले. शोध घेतला तेव्हा रुळांजवळच्या विजेच्या पेटीत एक बिनशंखाची गोगलगाय शिरून जळालेली सापडली. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही. बिचारी मेली म्हणून सुटली, नाहीतर तिलाही कॅमेऱ्यासमोर वाकावं लागलं असतं.

इथपर्यंत मीही काकांबरोबर हसतो. वेळेवर येणाऱ्या गाडीचं सुख मीही रोज घेतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पोथीचा चौथा अध्याय आला की माझं हसू आटतं.

कोबे शहराच्या पाणीपुरवठा खात्यात एक ६४ वर्षांचा कर्मचारी होता. जेवणाची सुट्टी बारा वाजता. हा गृहस्थ सुट्टीच्या तीनेक मिनिटं आधी उठून जवळच्या दुकानातून डबा घेऊन यायचा. सात महिन्यांत असं २६ वेळा घडलं. २६ गुणिले ३ म्हणजे ७८ मिनिटं. आपल्याकडे एवढा वेळ एका चहाच्या फेरीत जातो. त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला, आणि जून २०१८ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन टीव्हीसमोर जनतेची माफी मागितली. अहाहा पंथ म्हणाला, "बघा, याला म्हणतात शिस्त!" आणि जपानी माणसं काय म्हणाली? ती चिडली. 'दिवसातून चार वेळा सिगरेट ओढायला जाणाऱ्यांचं काय?' असं त्यांनीच विचारलं. म्हणजे ज्यांच्या शिस्तीचे पोवाडे आपण गातो, त्यांनाच ते ऐकवत नव्हते. पण भाविकाला देवाचं मत विचारायची सवय नसते.

आता माझा मुद्दा सांगतो. माफीच्या या सगळ्या गोष्टींत वाकतो कोण हे आपण पाहतो, भरडला कोण जातो हे पाहत नाही. वाकणाऱ्याची कंबर दुखत असेल, पण खुर्ची शाबूत राहते. आणि वीस सेकंदांची माफी मागणं फार स्वस्त असतं. कुणी मेलेलं नसतं, भरपाई द्यायची नसते, वर जगभर कौतुक होतं. माफी म्हणजे सुट्टे पैसे. छोट्या बिलाला खळखळ वाजवत काढता येतात. मोठं बिल आलं की खिसा चाचपणं सुरू होतं.

मोठं बिल आलं २५ एप्रिल २००५ ला. ओसाकाजवळ आमागासाकी इथे. सकाळी नऊच्या सुमारास सात डब्यांची एक लोकल चालली होती. मोटरमन २३ वर्षांचा. आधीच्या इतामी स्टेशनावर त्याची गाडी फलाटाच्या ७० मीटर पुढे गेली होती, ती मागे घेण्यात दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. शेजारच्या खासगी रेल्वेशी चढाओढ असल्यामुळे वेळापत्रक इतकं आवळलेलं होतं की सुटलेले सेकंद भरून काढायला फट नव्हती. त्यात त्या कंपनीत चुकलेल्या मोटरमनला 'निक्किन क्योइकू' म्हणजे दिवसपाळीचं शिक्षण द्यायची पद्धत होती. शिक्षण कसलं? गाडीवरून उतरवायचं, दिवसच्या दिवस कबुलीजबाब लिहून घ्यायचे, साहेबांनी खडसवायचं, आणि गवत उपटायची, झाडलोटीची कामं द्यायची. या पोराने ते एकदा भोगलेलं होतं. गार्डने नियंत्रण कक्षाला कळवलं की गाडी आठच मीटर पुढे गेली होती. ते बोलणं ऐकण्यात मोटरमनचं लक्ष अडकलं असावं, असं पुढे २००७ च्या चौकशी अहवालात म्हटलं आहे. ताशी ७० किलोमीटरच्या वळणावर गाडी ११६ च्या वेगाने शिरली, रुळांवरून उडाली आणि समोरच्या रहिवासी इमारतीत घुसली. मोटरमन धरून १०७ माणसं मेली. ५६२ जखमी झाली.

दीड मिनिटासाठी.

ज्या माजी अध्यक्षांवर खटले चालले ते सगळे निर्दोष सुटले. आणि मे २०१८ मध्ये याच कंपनीची एक गाडी शिगा प्रांतातल्या नोतोगावा स्टेशनातून २५ सेकंद लवकर सुटली, तेव्हा कंपनीने रीतसर माफी मागितली. ती बातमी काकांनी मला दोनदा पाठवली. 'बघ, काय माणसं आहेत!' अशा शेऱ्यासकट.

"अरे, पण मग काय गाड्या उशिरा सोडायच्या?" काका विचारतात. "आपल्यासारख्या?"

काका, थांबा. जपानची गाडी वेळेवर येते ती जपान्यांच्या रक्तात घड्याळ आहे म्हणून नाही. शिनकानसेन १९६४ साली सुरू झाली, आणि गाडी घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यात आजवर एकही उतारू दगावलेला नाही. का? तर तिला स्वतंत्र रूळ दिले, वाटेत एक फाटक ठेवलं नाही, आणि मोटरमन चुकला तरी गाडीचा वेग आपोआप आवरणारी यंत्रणा पहिल्यापासून बसवली. म्हणजे माणूस चुकणार हे धरून चालले. आमागासाकीच्या त्या वळणावर गाडीला वेळीच आवर घालणारं नवं यंत्र बसवायचं ठरलं होतं, पण अपघाताच्या दिवसापर्यंत बसलेलं नव्हतं. तिथे यंत्राऐवजी एका तेवीस वर्षांच्या पोराच्या भीतीवर भिस्त ठेवली होती. माणसं तीच, रक्तही तेच. फरक रुळांत आणि यंत्रांत होता. टोकियोच्या गर्दीच्या लाईनींवर तर महिन्यातले कित्येक दिवस गाड्या उशिरा धावतात, आणि स्टेशनवर 'उशीर झाल्याचा दाखला' मिळतो. तो दाखवला की ऑफिसात बोलणी बसत नाहीत. यात्रेकरूंना हा दाखला कधी दिसत नाही, कारण ते साडेदहानंतर बाहेर पडतात.

हे मी काकांना का ऐकवतो? कारण आपल्याकडेही मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानच्या मदतीने बांधली जाते आहे. रूळ, यंत्रं, बोगदे, जे घ्यायचं ते जरूर घ्या. पण अहाहा पंथाला रुळांत गोडी नसते. रुळांना पैसे पडतात. त्याला हवी असते ती शिस्त, आणि तीही दुसऱ्याला. 'जपानात बघा' हे वाक्य आपल्या ऑफिसांतून कोण कुणाला म्हणतं ते आठवून पाहा. शिपायाने साहेबाला म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आता शेवटची बातमी. मिनामाता नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्याने समुद्रात पारा सोडला, तो माशांत गेला, माशांतून माणसांत गेला. १ मे १९५६ ला रोगाची सरकारदरबारी नोंद झाली. हा रोग कारखान्यामुळे झाला हे मान्य करायला सरकारने १९६८ पर्यंत वेळ घेतला. बारा वर्षं. इथे कुणी सेकंद मोजले नाहीत. १ मे २०२४ ला पर्यावरणमंत्री तिथे पीडितांना भेटायला गेले. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या गेलेल्या बायकोबद्दल सांगत होते. तीन मिनिटं संपली, आणि खात्याच्या लोकांनी त्यांचा माइक बंद केला. अगदी वेळेवर.

जपानात यावर केवढा गदारोळ झाला! जपानी वर्तमानपत्रांनी, जपानी माणसांनी सरकारला धारेवर धरलं. आठवडाभरात मंत्र्यांना पुन्हा मिनामाताला जाऊन वाकावं लागलं. मला विचाराल तर अहाहा म्हणायचंच असलं तर ते त्या गदारोळाला म्हणा. सरकारी तीन मिनिटांपेक्षा म्हाताऱ्याचं बोलणं मोठं आहे, हे तिथल्या लोकांनी सरकारला सुनावलं.

आणि आमागासाकीची ती लाईन? अपघातानंतर ५५ दिवस बंद होती. जून २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा वेळापत्रक बदललं होतं. गाड्यांना थोडा जास्त वेळ दिला होता, म्हणजे एखाद्या पोराची गाडी फलाटाच्या पुढे गेलीच तर ती निवांत मागे घेता यावी. जपानी रेल्वेबद्दलची माझ्या मते सर्वांत मोठी बातमी ही आहे. काकांनी मला ती अजून पाठवलेली नाही.