लायकोपीन सांगता, मग साखरही सांगा

रविवारच्या पुरवणीतला केचपवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून हे पत्र. लायकोपीन हे टोमॅटोतले रंगद्रव्य, हृदयाचे आरोग्य, शिजवलेला टोमॅटो कच्च्यापेक्षा गुणकारी, सगळे काही त्यात आहे. फक्त ‘साखर’ हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही. घरातली केचपची बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचला असता तरी तो राहिला नसता. १०० ग्रॅम केचपमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे वजनाने पाव भाग. त्यातली टोमॅटोची स्वतःची थोडीच, बाकी वरून घातलेली.

लायकोपीनबद्दल लेखात लिहिले ते खोटे नाही. टोमॅटो शिजला की त्यातले लायकोपीन शरीराला सहज मिळते, आणि सोबत तेल-तूप असेल तर आणखी चांगले शोषले जाते. पण मग टोमॅटोचे सार काय वेगळे करते? तुपाच्या फोडणीत टोमॅटो शिजतोच ना? तेलावर परतलेली टोमॅटोची भाजी, टोमॅटो घातलेले पिठले, हे तर आपल्या रोजच्या पानातलेच. मध्यम आकाराच्या एका टोमॅटोत अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लायकोपीन, अडीच ग्रॅम साखर आणि जेमतेम पाच मिलिग्रॅम सोडियम. तेवढ्याच वजनाच्या केचपमध्ये लायकोपीन जास्त हे मान्य, पण साखर दहापट आणि सोडियम ९०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लायकोपीनसाठी केचप खा असा सल्ला देणाऱ्याने हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवावेत आणि मग वाचकाला ठरवू द्यावे.

‘पण केचप खातो किती आपण, चमचाभर!’ हे उत्तर मला माहीत आहे. मी अनेक वर्षे शाळेत शिकवले आहे, मुलांचे डबे रोज पाहिले आहेत. पोळीला केचप लावून गुंडाळी, पराठ्याबरोबर केचप, उपम्यावर केचप, सँडविचमध्ये आणि वर पुन्हा केचप. भाजी नको म्हणणाऱ्या मुलाने डबा संपवावा म्हणून आई केचप देते, आणि मुलाच्या जिभेला प्रत्येक घासात गोड लागण्याची सवय जडते. मग नुसती मेथी, नुसती दुधी त्याला कशी आवडेल? असे चार मोठे चमचे पोटात गेले की १५ ग्रॅम साखर गेली. दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, आणि हा हिशेब मोठ्या माणसाचा. सहा वर्षांच्या मुलाची मर्यादा त्याहून कमी.

बाटलीमागच्या तक्त्याची मांडणीही पाहण्यासारखी आहे. एका वेळचे प्रमाण किती धरायचे ते कंपनी ठरवते, आणि ती सहसा एक चमचा, १५ ग्रॅम धरते. मग त्यातली साखर दिवसाच्या गरजेच्या किती टक्के ते छापायचे. आपल्याकडच्या नियमात ही गरज ५० ग्रॅम साखरेची धरलेली आहे, २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी. उत्तर येते सात-आठ टक्के. आई वाचते आणि निश्चिंत होते. बाटली मात्र तिच्या मुलासाठी आणलेली असते.

आणि केचपच्या छोट्या पुड्यांवर तर तेवढेही नाही. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनावर घटक आणि पोषणाची माहिती न छापण्याची सूट नियमातच आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर दिली की झाले. ते खोके दुकानदाराकडे, पुडी मुलाच्या हातात. वडा असो, पिझ्झा असो, मागितल्याशिवाय मूठभर पुड्या पिशवीत येऊन पडतात, आणि त्यात काय आहे हे सांगणारे एक अक्षर त्यांच्यावर नसते. ही सूट कोणाच्या सोयीसाठी आहे? ग्राहकाच्या तर नक्कीच नाही.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ छापण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ताऱ्यांच्या गुणांकनाचा मसुदा काढला. त्यात फळभाज्यांचा अंश असेल तर गुण वाढतात, म्हणजे टोमॅटोच्या नावावर केचपची साखर झाकली जाण्याची सोय आधीच झाली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या शिफारशींसाठी तीन महिने दिले, पुढे तीही मुदत वाढवून घेतली गेली. चिलीसारख्या देशाने २०१६ मध्येच साखर, मीठ, कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याला जमत नाही असे कोणी सांगू नये. शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका आपण दोन दशकांहून जास्त काळ छापतो आहोत, आणि निरक्षर माणूसही तो दुरून ओळखतो. केचपच्या बाटलीवर ‘कांदा-लसूण विरहित’ हे शब्द ठळक अक्षरांत समोर येतात. कोणाच्या श्रद्धेसाठी जागा मिळते, ती चांगलीच गोष्ट. मग ज्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, हे आयसीएमआरच्याच अभ्यासाने २०२३ मध्ये सांगितले, त्या देशात ‘पाव भाग साखर’ या तीन शब्दांना बाटलीसमोर जागा का नाही?

मी नाशिककर, म्हणून आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात किलोला शंभरी ओलांडलेला टोमॅटो थोड्याच आठवड्यांत मातीमोल झाला. पिंपळगाव बसवंतचा बाजार असो की नारायणगावचा, क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ५०० कोटींच्या ‘ऑपरेशन ग्रीन्स’ची घोषणा झाली होती. तरी भाव पडला की शेतकरी माल ओततोच, आणि शहरातले मूल टोमॅटो म्हणून साखर खाते. पिकवणाऱ्याच्या पदरात काही नाही आणि खाणाऱ्याच्या पोटात नको ते. याची लाज कोणालाच वाटत नाही का?

फ्रान्सने २०११ मध्ये शाळांच्या भोजनगृहात मीठ, मेयोनीज, केचप टेबलावर मोकळे ठेवायला बंदी केली. पदार्थाला लागेल तेवढेच वाढायचे. आपल्याकडेही २०२० चे नियम आहेत: साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. त्या फलकावर शीतपेयांशेजारी केचपचे नाव लिहा, उपाहारगृहाच्या काउंटरवरची पुड्यांची टोपली उचला, आणि पुड्यांना दिलेली १०० चौरस सेंटिमीटरची सूट काढून टाका. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तर दिल्लीच्या परवानगीचीही गरज नाही, मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी ठरवले तरी पुरे.

— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक