सात जलदुर्ग आणि शेऱ्याचा रकाना

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यानें आधीं यादी करावी कीं करूं नये, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु हल्लीं जो तो यादी घेऊनच घराबाहेर पडतो. अमुक वयाच्या आंत इतके किल्ले, इतकीं बेटें, इतके देश, असा संकल्प सोडावयाचा आणि एकेक नांवापुढें खूण करीत सुटावयाचें, ही रीत तरुणांत तर आहेच. पण आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांसही तिची बाधा झाली आहे. गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीही अशीच एक यादी खिशांत घालून कोंकणच्या किनाऱ्यावर दहा दिवस हिंडून आलों. त्या अनुभवावरून या रीतीविषयीं आमचें जें मत झालें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

यादीचें मूळ आमच्या वर्गांतच आहे. जून महिन्यांत नववीच्या मुलामुलींकडून आम्हीं प्रत्येकाचा वर्षाचा एक संकल्प लिहून घेतला व त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. नांव, संकल्प, आणि "पूर्ण कीं अपूर्ण", असे तीन रकाने. तक्ता लावून आम्ही मागें वळतों तोंच शेवटच्या बांकावरून प्रश्न आला, "सर, आपला संकल्प कोणता?" विचारणाऱ्याचा हेतु अगदीं निर्मळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं, परंतु प्रश्न रास्त होता. आम्हीं घाईघाईनें तक्त्याच्या तळाशीं लिहिलें, "एका वर्षांत सात जलदुर्ग." खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग. विजयदुर्ग आम्हीं गाळला, कारण तो जमिनीस जोडलेला आहे, आणि आमचा नियम असा कीं चोहोंकडून समुद्र असेल तेंच बेट. (२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, त्यांत आमच्या सातांपैकीं तीनच आहेत, आणि आम्हीं गाळलेला विजयदुर्ग मात्र आहे.) इतका कडक नियम करणाऱ्या मनुष्यास पुढें त्याच्याच नियमानें अडविलें, हें योग्यच झालें.

पहिला दिवस उत्तम गेला. थळच्या किनाऱ्यावरून मासेमारीची एक होडी ठरवून आम्ही व आमचा कॉलेजांत शिकणारा पुतण्या खांदेरीस गेलों. इ. स. १६७९ मध्यें शिवाजीमहाराजांनीं या बेटावर तट बांधावयास घेतला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांच्या पोटांत गोळा उठला; मुंबईच्या बंदराकडे जाणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवतां येते. त्यांनीं गलबतें आणून बेटाची नाकेबंदी केली. परंतु त्यांचीं जहाजें मोठीं, वाऱ्याची वाट पाहणारीं. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं वल्ह्यांच्या बळावर त्यांच्यामधून निसटून बेटावर सामान पोंचवीत. ही हकीकत वर्गांत आम्हीं किती वेळां सांगितली असेल! पण तें अंतर किती थोडें आणि तें पाणी किती उघडें, हें होडींत बसेपर्यंत आमचें आम्हांसच ठाऊक नव्हतें. बेटावर १८६७ सालचें दीपगृह आहे, वेताळाचें देऊळ आहे, आणि दगडानें ठोकला असतां धातूच्या भांड्यासारखा वाजणारा एक खडक आहे. तेथून आमच्या पुतण्यास हलविणें कठीण झालें.

शेजारचें उंदेरी बेट सिद्दीनें १६८० सालीं खांदेरीस शह देण्यासाठीं तटबंद केलें. तेथें आम्हांस धक्का असा कांहीं दिसला नाहीं. होडी खडकाशीं नेऊन क्षणभर स्थिर धरावयाची, तेवढ्यांत उडी घ्यावयाची. आम्हीं उडी घेतली. शेवाळावरून घसरलों, उठलों, दहा पावलें वर गेलों, तोंच खालून हांक आली कीं पाणी उतरूं लागलें, आतां परत या. किल्ल्याचा दरवाजाही आम्हीं पाहिला नाहीं. होडींत बसल्यावर मात्र खिशांतून यादी काढून उंदेरीपुढें खूण केली. पाय लागला होता. नियम पुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशीं अलिबागेस ओहोटीच्या वेळीं वाळूवरून चालत कुलाब्यांत गेलों. कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्याविषयीं पुष्कळ लिहितां येईल. येथें एवढेंच सांगतों कीं, चाकांच्या गाड्यांवरील ज्या दोन तोफांजवळ सर्वजण छायाचित्रें काढतात, त्यांवर १८४९ हा सन कोरलेला आहे. म्हणजे त्या आंग्र्यांचें राज्य खालसा झाल्यानंतरच्या आहेत. सन वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. तेवढेंही कोणी थांबत नाहीं.

जंजिऱ्यास राजपुरीहून शिडाच्या होडींतून गेलों. होडी अगदीं तटाखालीं येईपर्यंत दरवाजा दिसतच नाहीं, इतका तो बुरुजांच्या आड लपविला आहे. आंत भर समुद्रांत गोड्या पाण्याचे मोठाले तलाव आहेत. किल्ला घेण्यासाठीं संभाजीमहाराजांनीं १६८२ सालीं खाडींत दगडांची भर टाकून रस्ताच करावयास घेतला होता. तोही अर्धवट सोडावा लागला. सिद्दीचें संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत हा किल्ला कोणींही लढून घेतला नाहीं. एवढ्या मोठ्या किल्ल्यास होडीवाल्यानें आम्हांस दिलेला वेळ पाऊण तास! एक गृहस्थ कलालबांगडी तोफेजवळ उभे राहून छायाचित्र काढवून घेऊन लगेच होडीकडे वळले, तेव्हां आम्ही व पुतण्या एकमेकांकडे पाहून हंसलों. मग आमचें लक्ष आमच्याच हातांतील पेन्सिलीकडे गेलें.

चौथ्या दिवशीं पद्मदुर्ग. जंजिऱ्यास जशा ठराविक होड्या जातात तशा येथें जात नाहींत. मुरूडच्या कोळीवाड्यांतील एका वयस्क नाखव्यानें आम्हांस सकाळीं लवकर बोलाविलें होतें. आम्हांस निघण्यास उशीर झाला, व त्याचें कारण आमची न्याहारी. किल्ल्याजवळ पोंचतों तों वारा सुटला आणि खडकांवर लाटा फुटूं लागल्या. नाखव्यानें दोनदां होडी जवळ नेऊन पाहिली व मागें घेतली. तो म्हणाला, "मास्तर, तुम्हांला उतरवीन, पण परत चढवून घेईन, हा शब्द देत नाहीं." आम्हीं भाडें वाढवून देऊं केलें. होडींत आमचा पुतण्या होता, नाखव्याचा तेरा-चौदा वर्षांचा नातू होता, हें दिसत असतांना आम्हीं तें देऊं केलें. आज लिहितांना लाज वाटते. नाखव्यानें पैशाकडे पाहिलें नाहीं. त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें आणि सुकाणू फिरविलें.

पण त्यानें आम्हांस लगेच किनाऱ्यावर आणून सोडलें नाहीं. खडकांपासून बेतानें अंतर ठेवून त्यानें सावकाश किल्ल्याला दोन फेऱ्या घातल्या. उतरावयाचें नाहीं हें ठरल्यामुळें आम्हांस पाहण्यावांचून दुसरें काम उरलें नव्हतें. बुरुजाच्या माथ्यावर कमळाच्या पाकळ्यांसारखे दगड बसविलेले आहेत. तटाचे चिरे खाऱ्या वाऱ्यानें झिजून आंत गेले आहेत, आणि त्यांच्यामधला चुना मात्र तसाच उभा आहे. लांबून ती भिंत मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते. दगड हरला आणि दोन दगड जोडणारा चुना टिकला, असें आम्हीं दुसरीकडे कोठें पाहिलेलें नाहीं. जंजिऱ्याच्या तोंडासमोर हा किल्ला उभा करतांना महाराजांस काय सोसावें लागलें असेल, तें तेव्हां ध्यानांत आलें. येथली रसद वेळेवर न पोंचविल्याबद्दल १६७५ सालीं त्यांनीं जिवाजी विनायक या सुभेदारास अत्यंत कडक पत्र लिहिलें होतें. तें पत्र वाचतांना पूर्वीं आम्हांस त्यांतील राग दिसे. होडींतून त्यांतील काळजी दिसली.

परततांना नाखवा म्हणाला, "मास्तर, वहींत लिहून टाका गेलों म्हणून. दर्या कांहीं साक्ष द्यायला येत नाहीं." पुतण्यासही तें पटलें. "काका, उंदेरीवर आपण पांच मिनिटें होतों, तें धरलें. येथें तासभर होतों, तें धरावयाचें नाहीं?" या प्रश्नास आमच्याजवळ त्या दिवशीं उत्तर नव्हतें.

उत्तर सुचलें तें याच पाण्यावरील एका जुन्या गोष्टींतून. परंपरा अशी सांगते कीं, लाय पाटील नांवाच्या कोळ्यानें एका रात्रीं जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावून दिल्या. मोरोपंतांचीं माणसें वेळेवर आलीं नाहींत, उजाडूं लागलें, शिड्या काढून परत फिरावें लागलें. महाराजांनीं त्याचा पालखी देऊन गौरव करावयाचें ठरविलें. समुद्रावर राहणाऱ्यानें पालखी काय करावयाची, असें म्हणून त्यानें ती नाकारली. तेव्हां महाराजांनीं एक गलबत बांधवून, त्यास "पालखी" असें नांव देऊन, तें त्याला दिलें. या गोष्टींत दोन गोष्टी आहेत. जंजिरा मिळाला असें कोणींही लिहिलें नाहीं. आणि शिड्या लागल्या होत्या, हें कोणी विसरलेंही नाहीं. आमच्या तक्त्यांत या दुसऱ्या गोष्टीला जागाच नव्हती. तक्ता एवढेंच विचारत होता, पाय लागला कीं नाहीं. म्हणून उंदेरी त्यांत सहज बसली व पद्मदुर्ग बाहेर राहिला. दोष समुद्राचा नव्हे, रकान्यांचा.

तेव्हां याद्या जाळाव्या काय? आमचें मत तसें नाहीं. यादी नसती तर आम्ही नाताळांत घरीं आरामखुर्चींत पडलों असतों, हें आमच्या पुतण्यानें वारंवार सुनावलें व तें खरें आहे. आळशी मनुष्यास उंबऱ्याबाहेर काढण्यास संख्येइतकें दुसरें साधन नाहीं. परंतु बाहेर काढून झाल्यावर तिनें बाजूस व्हावें; ती होत नाहीं. सुवर्णदुर्गावर आम्हांस याचा कडू अनुभव आला. दिघीच्या जेट्टीवरून, मग बाणकोटची खाडी ओलांडून हर्णैस पोंचेपर्यंत "सहाच होणार" हेंच डोक्यांत घोळत होतें. किल्ल्याच्या दरवाजाशीं कांसव व मारुति कोरलेले आहेत. तेही आम्हीं पुतण्यानें दाखविल्यावर पाहिले. १७५५ सालीं कमोडोर जेम्स यानें हा किल्ला तोफांच्या माऱ्यानें घेतला, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें १७८४ सालीं लंडनजवळ त्या विजयाचा मनोरा बांधविला. "सुवर्णदुर्ग" या नांवाचा इंग्रजी अपभ्रंश त्या मनोऱ्यास आजही चिकटलेला आहे. ही गंमत मुलाला तटावर उभें राहून सांगावयाची, असें आम्हीं घरूनच ठरविलें होतें. सांगितली ती परतीच्या एस.टी.त.

मालवणास गेलों तेव्हां घाई संपली होती, कारण गांठावयाचें कांहीं उरलें नव्हतें. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आधीं पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. किल्ल्यांत राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी आहेत, आणि भोंवतीं सगळा खारा समुद्र असतांना त्यांचें पाणी गोड आहे. आम्हीं तें पिऊन पाहिलें. किल्ल्यावर आजही कांहीं कुटुंबें राहतात. त्यांतील एका आजीबाईंच्या ओटीवर बसून सोलकढी घेतली. पावसाळ्यांत प्रवाशांच्या होड्या बंद झाल्या म्हणजे कसें करतां, असें विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "तेव्हांच तर घर आमचें असतें." शेवटच्या होडीची हांक येईपर्यंत आम्ही तेथेंच होतों. यादीवर खूण करावयाची राहून गेली, ती रात्रीं आठवली.

शाळा उघडल्यावर आम्हीं तक्त्यावर आपल्या नांवापुढें "अपूर्ण" असें लिहिलें. वर्गांत आनंदाची एक लाट उसळली, ती आम्हीं ओसरूं दिली. मग पट्टी घेऊन चौथा रकाना आंखला व त्यास "शेरा" असें नांव दिलें. आमच्या शेऱ्यांत उंदेरी व पद्मदुर्ग या दोहोंचा खरा वृत्तांत आहे. वाढवून देऊं केलेल्या भाड्यासकट. त्यानंतर मुलांनीं आपण होऊन आपापले शेरे भरले. पोहणें शिकण्याचा संकल्प "पूर्ण" केलेल्या एका वीरानें लिहिलें, "कमरेइतक्या पाण्यांत." गणितांत नव्वद गुणांचा संकल्प करून सत्तरांवर थांबलेल्या मुलीनें लिहिलें, "आतां फळ्याजवळ बोलाविलें तर पोटांत दुखत नाहीं."

पालकसभेच्या दिवशीं एका गृहस्थांनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारलें कीं, मुलांचें "अपूर्ण" असें भिंतीवर कशासाठीं टांगतां? त्यानें मूल खचतें. आक्षेप पोकळ नाहीं. पण आम्हांस वाटतें, मूल खचतें तें "अपूर्ण" या शब्दानें नव्हे. त्याच्यापुढें कांहींच लिहिलेलें नसतें, यानें खचतें. गुणपत्रिका घरीं आली कीं शेवटची बेरीज आधीं पाहिली जाते आणि पुष्कळदां तीच पाहिली जाते. आम्ही शिक्षक तरी निराळें काय करतों? शेऱ्यासाठीं ठेवलेल्या ओळींत "समाधानकारक" हा एकच शब्द आम्हीं इतकीं वर्षें चाळीस वेळां उतरवून काढीत आलों. तीं चाळीस मुलें आमच्यापुढें उंदेरीसारखीं आलीं आणि गेलीं. त्या गृहस्थांस आम्हीं तक्त्याच्या तळाची आमची ओळ दाखविली. ती वाचून ते थोडा वेळ उभे राहिले, आणि मग वर सरकून आपल्या मुलीची ओळ वाचूं लागले.

नाखव्याचा निरोप आला आहे. फेब्रुवारींत समुद्र बरा असेल. एखाद्या शनिवारीं पहाटे पांचला मुरूडच्या बंदरावर यावें, आणि न्याहारी करून येऊं नये.